तीन पाऊण सव्वादोन

"मलाच गणित येत नाही, मी पोराला काय शिकवू?" हा प्रश्न जूनमध्ये शाळा सुरू झाली की माझ्या समुपदेशनाच्या खोलीत येतो, आणि सहामाहीचे पेपर घरी गेले की पुन्हा येतो. विचारणाऱ्या बहुतेक आयाच. बाबांनाही गणित येत असतं असं नाही, पण ते "क्लास लाव" म्हणतात आणि मोकळे होतात.

दोन वर्षांपूर्वी मालवणला आलेली एक आई मला यानिमित्तानं नेहमी आठवते. तिच्या परवानगीनं लिहितेय, ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत. घर कर्लीच्या खाडीकाठी. नवरा लाँचवर. ही खाडीतले तिसरे आणि मुळे हे शिंपले काढून बाजारात वाटे लावते. मुलगी पाचवीत, तिला इथे सुमी म्हणू.

"ह्या चेडू माझ्यारच गेला, मॅडम," बसता बसताच आई म्हणाली. "माकाय दहावीत गणितान पाडल्यान."

सुमीनं मान हलवली. आपली उंची किंवा रक्तगट कोणी सांगावा आणि आपण दुजोरा द्यावा, इतक्या शांतपणे. मला काळजी वाटली ती या मान हलवण्याची. वहीतल्या लाल फुल्यांचं मला एवढं काही वाटत नाही.

वही उघडली. १/२ + १/४ = २/६. वरची वरच्यात, खालची खालच्यात. पाचवीतली निम्मी पोरं कधी ना कधी हे करतात. आईला ते चुकलंय एवढं कळलं होतं, का चुकलंय ते सांगता आलं नव्हतं, त्यामुळे आवाज चढला आणि शेवटी पाठीत धपाटा. रोज संध्याकाळी साधारण हाच कार्यक्रम.

मी वही मिटली आणि सुमीला विचारलं, "अर्धा किलो कोळंबी घेतली, वर पाव किलो घातली. किती झाली?"

"पाऊण किलो." वाक्य संपायच्या आत.

"आणि एक छेद दोन अधिक एक छेद चार?"

तिनं आधी आईच्या तोंडाकडे पाहिलं. मग हळूच, "दोन छेद सहा."

उत्तर देण्याआधी तिनं जे पाहिलं, तिथेच सगळा घोटाळा होता. आकडे डोक्यात खेळवायला आपल्याकडे जागा मोजकीच असते. "आई आता ओरडेल का" हा विचार तीच जागा अडवून बसतो. मग येत असलेलंही येत नाही.

इथे मी एक चूक केली, तीही सांगते. आमच्या ठरलेल्या पठडीतला सल्ला दिला: गृहपाठ बाजूला ठेवा, सापशिडी खेळा, पत्ते खेळा, गणिताची गोडी लागेल. पंधरा दिवसांनी आई आली ती वैतागूनच. पत्त्यांवरून जास्तच भांडण झालं होतं. का, ते दोन मिनिटांत कळलं. पत्ते हातात असतानाही ती "सात नि आठ किती? बेगीन सांग!" असंच विचारत होती. खेळाच्या नावाखाली मी त्या घरात आणखी एक तोंडी परीक्षा धाडली होती.

शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांचा २०१५ सालचा एक अभ्यास मला तेव्हाही माहीत होता. पहिली-दुसरीच्या ४३८ मुलांचा. गणिताची धास्ती असलेले जे पालक गृहपाठाला वारंवार बसत, त्यांची मुलं वर्षभरात गणित कमी शिकली आणि वर्षाच्या शेवटी स्वतःही जास्त घाबरू लागली. तसेच धास्तावलेले, पण क्वचितच गृहपाठाला बसणारे पालक ज्यांना होते, त्या मुलांत हे दिसलं नाही. त्याच वर्षीच्या दुसऱ्या अभ्यासात आई-वडिलांनी मुलांबरोबर टॅबवर आकड्यांची छोटीशी गोष्ट वाचायची आणि त्यावर बोलायचं, एवढंच होतं. त्याचा फायदा सर्वांत जास्त झाला तो गणिताला भिणाऱ्या पालकांच्या मुलांना. म्हणजे प्रश्न आईला गणित येण्या-न येण्याचा नव्हताच. ती कशाला बसते आणि कशी बसते, याचा होता. आता खाडीकाठच्या घरात टॅबवरची गोष्ट कुठून आणायची, या विचारात मी होते. आणायची गरजच पडली नाही.

निघताना मी पुढच्या भेटीसाठी विचारलं, "उद्या सकाळी दहाला जमेल?"

"उद्या नको, मॅडम. उद्या तीज. तीन पाऊण सव्वादोन, दुपारी सव्वादोनाक भरती, म्हणजे सकाळी आठाक सुकती. उधाणाचे दिवस, पाणी लांब जाता. दहापर्यंत मी खाडीतच आसतलंय."

हे सगळं पर्स खांद्याला लावता लावता.

किनाऱ्यावरच्या घरांना हा आडाखा ठाऊक असतो, बाकीच्यांसाठी सांगते. पक्षातली तिथी घ्यायची, तिची पाऊणपट करायची, ती भरतीची ढोबळ वेळ. सुमारे सहा तास मागे-पुढे गेलं की ओहोटी. चंद्र रोज साधारण ५० मिनिटं उशिरा उगवतो, भरतीही तशीच रोज पुढे सरकते. पन्नासऐवजी ४५ धरली की पाऊण तास होतो आणि हिशोब तोंडी जमतो. जागेप्रमाणे थोडाफार फरक पडतो, पण तिसरे काढायला तेवढं पुरतं.

"हे कसं काढलंत?" मी विचारलं.

"त्यात काय काढूचा? आयेन शिकवलेला. दोन पाऊण दीड, त्यात आणखी एक पाऊण."

"हे गणितच आहे की."

"ह्या खयचा गणित? ह्या खाडीचा."

मी कागदावर लिहिलं, ३ × ३/४ = ९/४. तिनं खुर्ची चक्क मागे सरकवली. "ता माका दाखवू नका." तोंडी जी बाई पाऊण-सव्वा लीलया फिरवत होती, तिला तेच आकडे आडव्या रेघेच्या वर-खाली बसलेले बघवेनात. सुमी मात्र कागदावर वाकली होती. बराच वेळ.

"आये, नऊ पाव म्हणजे सव्वादोन?"

"म्हणजे काय गो. चार पावाचो एक. आठाचे दोन, वर उरलो एक पाव."

आवाज चढलेला नव्हता. अपूर्णांकाचा अख्खा धडा तिनं एका दमात शिकवला होता आणि आपण काही शिकवलं, हे तिच्या गावीही नव्हतं.

मग आमचं ठरलं ते असं. गृहपाठाला आईनं बसायचं नाही, अडलं तर शेजारची अकरावीतली मुलगी बघेल. "माझ्यार गेला" हे सुमीच्या देखत बोलायचं नाही. आणि रोज रात्री भिंतीवरचं कालनिर्णय बघून उद्याची भरती सुमीनं सांगायची. (१९७३ साली ते सुरू करणारे जयंतराव साळगावकर मूळचे मालवणचेच, त्यामुळे हा घरचाच उपाय.) आईनं "बेगीन" म्हणायचं नाही, एवढी एकच अट. गणित आवडून घ्या, असं मी कुठल्याच आईला सांगत नाही. पस्तिशीपर्यंत न आवडलेलं कारलं कोणी सांगितलं म्हणून आवडत नाही.

आजीला हे कळलं तेव्हा तिनं स्वतःच्या शाळेतली पाऊणकी, म्हणजे पाऊणचा पाढा, काढली. एके काळी पाढ्यांबरोबर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी घोकून घेत. पाऊण, दीड, सव्वादोन, तीन, पावणेचार, साडेचार... घोकंपट्टीचं मला एरवी कौतुक नाही, पण या पाढ्याला ताल आहे, आणि या घरात त्याचा रोज उपयोग होता.

सहामाहीत गुण फार वाढले नव्हते. काठावरून जरा आत आली होती, इतकंच. १/२ + १/४ मात्र आता चुकत नव्हतं. दिवाळीच्या सुट्टीत दोघी आल्या तेव्हा सुमीकडे कालनिर्णयचं जुनं पान होतं, मागच्या कोऱ्या बाजूवर तक्ता: तिथी, आयेची वेळ, मोबाइलवरची वेळ, फरक. चौथ, अष्टमी आणि बारस यांच्याभोवती गोल. "ह्या तिघांकच पुरे तास येतत. तीन, सहा, नऊ." हे तिला कोणी सांगितलं नव्हतं.

पण तिचं खरं भांडण तक्त्याच्या शेवटच्या ओळीशी होतं. "पुनवेक सव्वाअकरा. दुसऱ्या दिवशी पाडवो, म्हणजे पाऊण. रोज पाऊण तास पुढे जाता ना? मग सव्वाअकरा ते पाऊण एकदम दीड तास कसो?"

मी आईकडे पाहिलं. या वेळी सुमी तिच्या तोंडाकडे बघत नव्हती, बोट तक्त्यावर होतं.

"खराच की गो," आई म्हणाली. पिशवी खाली ठेवून तिनं डाव्या हाताचा अंगठा करंगळीच्या खालच्या पेरावर टेकवला. "थांब. पाडव्यापासना बघूया. पाऊण... दीड... सव्वादोन..."