ठाण्यात बी.एड. करते आहे. सुट्टीत दोन आठवडे फिजीतल्या शाळेत स्वयंसेवक म्हणून शिकवायला जावं का?

दोन आठवड्यांसाठी नको. पूर्ण सत्रभर राहता येणार असेल तर जरूर जा. मुलांशी जेमतेम ओळख होते तोच तुम्ही निघाल, आणि तेवढे दिवस तिथल्या शिक्षिकेला स्वतःचा पाठ थांबवून तुम्हाला सांभाळावं लागेल.

फिजी निवडलीत हे मात्र आवडलं. १८७९ ते १९१६ या काळात गिरमिटिया, म्हणजे करारबद्ध मजूर, म्हणून नेलेल्या भारतीयांचे वंशज तिथे आहेत, त्यांच्या घरांत फिजी हिंदी बोलतात. तुम्हाला त्या पालकांशी हिंदीत बोलता येईल, युरोपातून आलेल्यांना ते सहसा जमत नाही. मूळ फिजीयन गावाची रीत वेगळी. पाहुण्याने आधी गावप्रमुखाला यांगोनाची (कावा हे पेय ज्यापासून करतात त्या झाडाची) मुळं द्यायची, त्याला सेवुसेवु म्हणतात. गावात टोपी घालून फिरायचं नाही. नोव्हेंबर ते एप्रिल चक्रीवादळांचा हंगाम, तो टाळा.

संस्था पैसे मागते म्हणून ती वाईट ठरत नाही, पण त्यातले शाळेला किती जातात हे लेखी मागा. मुलांमध्ये राहणार असूनही पोलीस क्लिअरन्स मागत नसतील, तर ती संस्था सोडा. (ते पासपोर्ट सेवा पोर्टलवर अर्ज करून मिळतं.) अनाथाश्रमात थोड्या दिवसांसाठी तर अजिबात जाऊ नका, माणसं सतत सोडून जाण्याचा त्या मुलांना फार त्रास होतो. पर्यटक व्हिसावर शिकवणं चालेल असं गृहीत धरू नका, फिजीच्या इमिग्रेशनला आधी विचारा.

तोवर ठाण्याजवळच्या येऊरच्या पाड्यांवरच्या एखाद्या शाळेत विचारून बघा, दर शनिवारी जाता येईल.