पोलिओ झालेल्या माणसाचा ‘चांगला’ पाय पन्नाशीनंतर का थकतो?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आप्पा दोन वर्षांचे असताना त्यांचा उजवा पाय लुळा पडला. आजी म्हणायची, तापात कमरेत सुई टोचली म्हणून पाय गेला. आप्पा तेव्हापासून उजव्या मांडीवर हात दाबून चालतात. आता पन्नाशी उलटल्यावर रावेरच्या केळीबागेत दिवसभर राबलं की डावा, चांगला पायही गळून जातो. पोलिओ उलटला का, आणि हा विषाणू नसांचं नेमकं करतो तरी काय?

उलटलेला नाही. तो विषाणू तेव्हाच काही आठवड्यांत शरीरातून गेला. पण डावा पाय पूर्ण वाचला होता, ही समजूत बहुधा चुकीची आहे.

हा विषाणू मुळात आतड्यातला. दूषित पाण्या-अन्नातून तोंडावाटे जातो, घशात आणि आतड्यात वाढतो, विष्ठेतून बाहेर पडतो. बहुतेक मुलांना काही जाणवतही नाही, काहींना नुसता ताप. लागण झालेल्या साधारण २०० जणांत एकालाच कायमचा लुळेपणा येतो. त्या एकाच्या बाबतीत विषाणू मज्जारज्जूच्या पुढच्या भागात, स्नायू हलवणाऱ्या चेतापेशींवर जाऊन बसतो. पेशीवरच्या सीडी१५५ नावाच्या प्रथिनाला चिकटून तो आत शिरतो, पेशीचं स्वतःची प्रथिनं बनवण्याचं काम बंद पाडतो आणि तीच यंत्रणा स्वतःच्या प्रती काढायला जुंपतो. काही तासांत हजारो नवे विषाणू तयार होतात आणि पेशी मरते. मेलेली चेतापेशी परत येत नाही. तिच्यावर अवलंबून असलेले स्नायूतंतू वाळतात. स्पर्श आणि वेदना कळवणाऱ्या पेशी मात्र बहुतांशी सुटतात. म्हणून बारीक झालेल्या पायाला मुंगी चावली तर कळतं, पण पाय उचलत नाही.

आता सुईचं. आजीचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही. अंगात विषाणू असताना स्नायूत सुई टोचली, तर दुखावलेल्या स्नायूतून तो चेतातंतूच्या आतून उलटा वर चढतो आणि त्याच स्नायूच्या चेतापेशींपर्यंत पोचतो. म्हणजे सुईने पोलिओ होत नाही, पण आधीच असलेला पोलिओ त्या पायात उतरू शकतो. दुसरी शक्यता अशी, की पोलिओ नव्हताच आणि सुई थेट सायटिक नसेत, म्हणजे कुल्ल्यातून पायाच्या मागच्या बाजूने खाली उतरणाऱ्या जाड नसेत गेली. तसं असेल तर पाऊल बहुधा लगेचच लोंबतं, पावलाच्या वरच्या बाजूला बधिरपणा राहतो, मांडीचा पुढचा स्नायू शाबूत असतो. पोलिओत लुळेपणा तापातच दोन-तीन दिवस वाढत जातो, ताप उतरला की वाढायचा थांबतो, आणि बधिरपणा नसतो. आप्पा मांडीवर हात दाबतात ते का? पुढचा स्नायू गेल्यामुळे वजन पडलं की गुडघा मोडतो, म्हणून माणूस हाताने मांडी मागे रेटून तो सरळ ठेवतो. सायटिक नसेच्या इजेत याची गरज पडत नाही. तुमच्या वर्णनावरून मला तरी हा पोलिओच वाटतो.

डाव्या पायाकडे येऊ. आजारानंतर दीड-दोन वर्षं जी सुधारणा होते, ती मेलेल्या पेशी उठल्यामुळे नव्हे. वाचलेल्या पेशी नवे फाटे फोडतात आणि शेजारचे बेवारस तंतू जोडून घेतात. निम्म्या पेशी गेल्या तरी हाताने तपासताना ताकद ठीकच लागते, त्यामुळे ‘या पायाला काही झालं नाही’ असं सगळे म्हणतात. प्रत्यक्षात चार सालदारांचं काम एकावर पडलेलं असतं. त्यात उजव्या पायाचाही भार डाव्यानेच वाहिलेला. तीस-चाळीस वर्षांनी या ताणलेल्या पेशींचे फाटे गळू लागतात. यालाच पोस्ट-पोलिओ सिंड्रोम म्हणतात.

त्याची वेगळी रक्ततपासणी नाही. बाकीची कारणं वगळूनच निदान होतं. साखर, थायरॉइड, बी-१२ आणि गरज पडली तर कमरेचा एमआरआय करून घ्या. मुंग्या किंवा बधिरपणा असेल तर पोलिओवर ढकलू नका, कारण तो पोलिओचा स्वभावच नाही. जळगाव, धुळे किंवा नाशिकच्या न्यूरोलॉजिस्टला दाखवा. ईएमजीत, म्हणजे स्नायूंतले विजेचे संकेत मोजणाऱ्या तपासणीत, जुन्या पोलिओच्या खुणा डाव्या पायातही दिसू शकतात.

निश्चित गुण येतो असं औषध अजून नाही. ‘नसांच्या ताकदीच्या’ सलाईनवर पैसे घालवू नका. आणि कृपा करून ‘पाय जड पडतोय तर जास्त चाला’ हा सल्ला आप्पांना देऊ नका. थकवा येईपर्यंतचा व्यायाम इथे उलटा पडतो. माप सोपं आहे: आजच्या कामाने उद्या सकाळीही पाय दुखत किंवा गळत असेल तर ते काम जास्त झालं. सलग चार तासांऐवजी मधे बसून, तुकड्या-तुकड्याने काम करू द्या. काठी डाव्या हातात. उजव्या पायाला हलकं प्लास्टिकचं कॅलिपर (पायाला बांधायचा आधार) मापाने बनवून घ्या. जुनं लोखंडी फार जड असतं. वजन वाढू देऊ नका. थंडीत हे पाय गार आणि निळसर पडतात, स्नायू आणखी ढिले पडतात; धुळे-जळगावच्या डिसेंबरात पहाटे पाणी भरायला जाणं टाळलेलं बरं.

पाणी पिताना ठसका लागणं, झोपेत श्वास अडकणं, सकाळी डोकं जड असणं यापैकी काही असेल तर वाट पाहू नका. आणि हर्नियासारखं कुठलंही ऑपरेशन ठरलं तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना पोलिओचं आधीच सांगा. स्नायू सैल करणारी औषधं अशा रुग्णांना कमी मात्रेतही जास्त चढतात, आणि त्यांचा अंमल उतरायला वेळ लागतो.