2009 च्या गाडीत 22 हजारांचा टेप बसवावा का?

प्रश्न: मी राजारामपुरीत आईसोबत राहते आणि कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत अकाउंट्स विभागात काम करते. पगार हातात 31 हजार, घरखर्च साधारण 22 हजार. मामांची जून 2009 ची पेट्रोल गाडी गेल्या वर्षी सव्वा लाखाला घेतली. नोंदणी नूतनीकरण मामांनीच करून दिलं आहे, ते जून 2029 पर्यंत आहे. गाडीत कंपनीचा टेप आहे. त्यावर रेडिओ आणि सीडी चालते, पण यूएसबी, ऑक्स, ब्लूटूथ यातलं काहीच नाही. जाता-येता मला कीर्तनं, नाट्यगीतं आणि परीक्षेची रेकॉर्ड केलेली लेक्चर्स ऐकायची असतात, सगळं फोनमध्ये आहे. भाऊ म्हणतो, मोठ्या पडद्याचा अँड्रॉइड स्टिरिओ बसव. दुकानात 22 हजार सांगितले. फ्रेम, स्टेअरिंगच्या बटणांचा कपलर आणि रिव्हर्स कॅमेरा धरून 27 हजार होतात. उद्यमनगरातला वायरिंगवाला म्हणतो, आहे त्याच टेपला आतून जोड देतो, 1,800 रुपये. ब्लूटूथचा छोटा रिसीव्हर 700 चा. सिगारेट लायटरला लावायचं एफएमवालं यंत्र 600 ला मिळतं. या महिन्यात माझी 24 हजारांची भिशी लागली आहे. बचत खात्यात 15 हजार आहेत. काय करू?

उत्तर: ताई, खर्च जरूर करा, पण अडीच हजारांचा, म्हणजे 1,800 ची जोड आणि 700 चा रिसीव्हर. त्याबद्दल मनात अपराधीपणा ठेवू नका. रोज सव्वा तास गाडीत जातो आणि त्यातला काही वेळ अभ्यासाचा आहे. हा खर्च चैनीत धरायचं मला काही कारण दिसत नाही. 27 हजारांना मात्र माझा आत्ता नकार आहे. त्याचं कारण फक्त रक्कम मोठी आहे एवढंच नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी नेमकं काय कमी आहे ते पाहू. तुमच्या टेपचा अॅम्प्लिफायर चालतो, चारही स्पीकर चालतात, आवाजाचं बटण चालतं. फोनमधला आवाज आत घ्यायला वाट नाही, एवढीच उणीव आहे. दुकानदार त्या एका वाटेसाठी चालू असलेलं सगळं काढून नवं विकतो आहे. गरज एका जोडणीची असेल तर पैसे एका जोडणीचेच द्यावेत.

मग 600 रुपयांचं यंत्र का नको, असं तुम्ही विचाराल. ते सर्वांत स्वस्त आहे, पण ते पैसे वाया जाण्याची शक्यता सर्वांत जास्त आहे. हे यंत्र म्हणजे एक छोटं रेडिओ केंद्रच असतं. फोनमधला आवाज ते 87.5 ते 108 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातल्या एका मोकळ्या जागी सोडतं आणि तुमचा टेप तो रेडिओ म्हणून पकडतो. त्याची ताकद अगदी थोडी. कोल्हापुरात 94.3 वर टोमॅटो, 98.3 वर मिर्ची, 102.7 वर आकाशवाणी, शिवाय इतर केंद्रं. त्यांच्या मधली रिकामी जागा शोधावी लागते. विद्यापीठापाशी स्वच्छ वाटलेली जागा गोकुळ शिरगावच्या पुढे खरखरायला लागली की चालत्या गाडीत बटणं दाबत बसावं लागतं, आणि ते महामार्गावर करायचं काम नाही. पखवाज-तबल्याचा नाद त्यात बोथट होतो तो वेगळाच. अशी यंत्रं महिन्याभरात ड्रॉवरमध्ये जातात आणि मग माणूस वैतागून थेट मोठ्या खर्चाकडे वळतो.

आतून जोड देण्याचे प्रकार मात्र दोन-तीन आहेत. वायरिंगवाला 1,800 रुपयांत त्यातला कोणता करणार आहे, हे पैसे देण्याआधी विचारून घ्या.

तुमच्या टेपवर सीडी चेंजरचं बटण आहे का ते बघा. त्या काळच्या काही कंपनीच्या टेपना मागच्या बाजूला डिकीतल्या सीडी चेंजरसाठी सॉकेट असायचं. तिथून आवाज घेता आला तर तो उत्तम येतो. पण नुसती वायर लावून भागत नाही. बटण दाबलं की टेप आधी चेंजरला खूण पाठवतो आणि त्याचं उत्तर आलं तरच आवाज आत घेतो. म्हणून चेंजर असल्याचं भासवणारा एक डबा मध्ये लावावा लागतो आणि तो त्या त्या कंपनीच्या टेपसाठी वेगळा असतो. तो अडीच हजारांत बसणार नाही. पाच हजारांच्या आत मिळत असेल तर माझी हरकत नाही.

दुसरा प्रकार आपल्याकडचे जुने मेकॅनिक हमखास करतात. टेप उघडून सीडीचा आवाज जिथून व्हॉल्यूमच्या सर्किटकडे जातो तिथेच फोनची वायर जोडायची. आवाज चांगला येतो. यात एक मेख आहे. बहुतेक वेळा टेप सीडीवर ठेवून, नुसती शांतता रेकॉर्ड केलेली सीडी आत फिरती ठेवावी लागते, तेव्हाच फोन ऐकू येतो. म्हणजे 2009 सालची ती सीडीची मोटर रोज सव्वा तास चालणार. तुमची सीडी आत्ताच अडखळत असेल तर या वाटेला जाऊ नका.

तिसरा प्रकार वायरचा एफएम मॉड्युलेटर. लायटरमधल्या यंत्रासारखंच याचं तत्त्व, पण हा अँटेनाच्या वायरमध्ये बसतो आणि चालू केला की बाहेरची अँटेना तोडतो. त्यामुळे बाहेरच्या केंद्रांचा उपद्रव जवळजवळ राहत नाही. आवाज रेडिओइतकाच येईल, त्याहून चांगला नाही. कीर्तन आणि लेक्चरला तो पुरतो. टेप उघडावाही लागत नाही.

यातलं काहीही केलं तरी ब्लूटूथ रिसीव्हर आणि फोनचा चार्जर एकाच 12 व्होल्टच्या लाइनवर आले की कधीकधी इंजिनाच्या गतीबरोबर वर-खाली होणारी शिट्टी ऐकू येते. हा अर्थिंगचा दोष आहे. स्पीकर बिघडले म्हणून ते बदलायला कुणी सांगितलं तर ऐकू नका. आवाजाच्या वायरीत काही शे रुपयांचा आयसोलेटर, म्हणजे ही शिट्टी अडवणारा छोटा डबा, लावला की बहुधा ती जाते.

आणि टेप काढण्याआधी त्याचा कोड शोधा. कंपनीचे बरेच टेप बॅटरीची वायर सुटली की चार-पाच आकडी कोड मागतात. तो मॅन्युअलमध्ये किंवा एखाद्या छोट्या कार्डावर लिहिलेला असतो. मामांना फोन करून आधी विचारा. कोड सापडला नाही आणि टेप लॉक झाला, तर अडीच हजारांच्या कामासाठी नवा टेप घ्यायची पाळी येईल.

आता हिशेब. वर्षाचे 275 दिवस आणि रोजचा सव्वा तास धरला तर वर्षाला साधारण 340 तास. पुढची तीन वर्षं गाडी अशीच चालली तर सुमारे हजार तास. अडीच हजारांत तासाला अडीच रुपये पडतात, 27 हजारांत तासाला 27 रुपये. कीर्तन दोन्हीकडे तेच ऐकू येणार. शिवाय सव्वा लाखाच्या गाडीत 27 हजारांचा टेप म्हणजे गाडीच्या किमतीचा पाचवा हिस्सा आणि वर थोडं. विकताना गिऱ्हाईक त्याचे वेगळे पैसे देत नाही. उलट डॅशबोर्ड कापलेला आणि मूळ वायरी तोडलेल्या दिसल्या की भाव पाडून मागतो.

जून 2029 मध्ये गाडी 20 वर्षांची होईल. ऑगस्ट 2025 च्या अधिसूचनेनुसार 20 वर्षांवरच्या मोटारींचं नूतनीकरण शुल्क 10 हजार रुपये झालं आहे, आधी ते 5 हजार होतं. त्यावर हरित कर, आणि गाडी तपासणीत पास व्हावी म्हणून करावी लागणारी कामं. त्या वेळी गाडी ठेवायची की काढायची, हा प्रश्न तुमच्यापुढे येणारच आहे. तो निर्णय व्हायच्या आधी गाडीत मोठी रक्कम अडकवू नये, असं माझं ठाम मत आहे.

भिशीबद्दल मला सर्वांत जास्त बोलायचं आहे, कारण तुम्ही त्या 24 हजारांचा उल्लेख हातात आलेले पैसे म्हणून केला आहे. बारा जणांची दोन-दोन हजारांची भिशी असावी असं मी रकमेवरून धरतो. तुम्हाला समजा तिसरा नंबर लागला, तर आजवर तुम्ही सहा हजार भरलेत. उरलेले 18 हजार बाकीच्या लोकांचे आहेत, ते तुम्हाला पुढचे नऊ महिने फेडायचे आहेत. व्याज नाही, कागद नाही, पण ते कर्जच आहे, आणि आपल्याकडे भिशी शब्दावर चालते म्हणून ते बुडवताही येत नाही. शेवटचा नंबर लागला असता तर ती खरी बचत ठरली असती. नंबर किती लवकर लागला, त्यावर त्या रकमेतलं स्वतःचं किती ते ठरतं. तुमचा नंबर कितवा आहे ते धरून हाच हिशेब एकदा कागदावर मांडा.

म्हणून माझं म्हणणं असं. भिशीचे पुढचे हप्ते आत्तापर्यंत जसे पगारातून जात होते तसेच जाऊ द्या. 24 हजारांतून अडीच हजार टेपला काढा आणि उरलेले साडेएकवीस हजार वेगळ्या खात्यात किंवा मोडता येईल अशा मुदत ठेवीत ठेवा. तुमचा घरखर्च 22 हजार आहे आणि शिल्लक 15 हजार, म्हणजे महिन्याभराचीही सोय नाही. आईच्या दवाखान्याचा एक खर्च आला तरी तुम्हाला उसनवारी करावी लागेल. तीन महिन्यांचा खर्च, म्हणजे 66 हजार, हे तुमचं पहिलं लक्ष्य असावं. खात्यातले 15 हजार धरून ही भिशी तुम्हाला त्याच्या अर्ध्याच्या पुढे नेते.

त्यातून एकाच खर्चाला माझी आधीच परवानगी आहे, तो म्हणजे टायर. टायरच्या बाजूला चार आकडी तारीख असते. 1819 असेल तर 2019 सालचा 18 वा आठवडा. मामांची गाडी कमी चालली असेल तर नक्षी चांगली दिसेल, पण रबर जुनं झालेलं असू शकतं. सहा-सात वर्षांपुढचे असतील तर एकदा दाखवून घ्या. महामार्गावर रोज ये-जा आहे, तेव्हा टेपच्या आधी टायर.

दुकानदार कार्डावर सहा महिन्यांचा बिनव्याजी हप्ता सुचवेल. 22 हजारांचा हप्ता महिना 3,667 होतो. त्यात भिशीचे दोन हजार मिळवले तर पगारातले साडेपाच हजारांहून जास्त आधीच गेलेले असतील, आणि घरखर्च वजा जाता तुमच्याकडे उरतात नऊ हजार. शिवाय बिनव्याजी म्हणजे पूर्ण फुकट असं नसतं. बँक व्याज लावते, तेवढी सूट किमतीत दाखवली जाते, आणि व्याजावरचा 18 टक्के जीएसटी व प्रक्रिया शुल्क तुमच्या माथी येतं. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर 2013 मध्येच शून्य टक्के व्याजाच्या योजनांवरून बँकांना बजावलं होतं, ते याच लपवाछपवीमुळे. दुकानात रोखीचा भाव विचारून बघा, फरक लगेच कळेल.

विम्याचंही थोडक्यात. बाहेरून बसवलेला महागडा स्टिरिओ पॉलिसीत वेगळा नोंदवला नाही तर चोरी झाल्यावर त्याचे पैसे मिळत नाहीत. नोंदवायचा तर किमतीच्या 4 टक्के जादा हप्ता बसतो, म्हणजे 22 हजारांवर वर्षाला 880 रुपये अधिक कर. तुमची पॉलिसी फक्त थर्ड पार्टी असेल तर तोही मार्ग नाही.

भावाचं म्हणणं मी उडवून लावत नाही. रिव्हर्स कॅमेऱ्याचा उपयोग आहे, राजारामपुरीच्या गल्ल्यांत गाडी लावताना तर नक्कीच. पण पडदा असलेला आरसा आणि कॅमेरा वेगळा बसवता येतो, त्यासाठी टेप बदलावा लागत नाही. नकाशा फोनवर आहेच, डॅशबोर्डवर एक चांगला स्टँड लावा. 2029 मध्ये गाडी ठेवायचं ठरलं, 66 हजारांची गंगाजळी झालेली असली आणि तेव्हाही मोठा पडदा हवासा वाटला, तर घ्या. मी अडवणार नाही.

वायरिंगवाल्याला सांगा की मूळ वायर कापायची नाही, जोड कपलरनेच द्यायचा आणि नव्या लाइनला वेगळा फ्यूज टाकायचा. रिसीव्हर चावी बंद केल्यावर बंद होतो का, हे समोर तपासून घ्या. तो रात्रभर चालू राहिला तर बॅटरी उतरते आणि नवी बॅटरी या सगळ्या कामापेक्षा महाग पडते. अर्धे पैसे आधी द्या आणि उरलेले कागलची एक फेरी करून आल्यावर. जाताना इंजिन चालू, फोन चार्जिंगला आणि आवाज मोठा ठेवून ऐका. शिट्टी येत असेल तर त्याच दिवशी गाडी परत न्या.