पंपिंग ५५ टक्के, मग काळजी कशाला?

प्रश्न : सासऱ्यांना हार्ट फेल्युअर आहे, पण इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) ईएफ, म्हणजे दर ठोक्याला हृदय आतलं किती रक्त बाहेर टाकतं ते प्रमाण, ५५ टक्के. शेजारच्या काकांचा ३०. म्हणजे आमचं सौम्यच ना? – एक सून, नौपाडा, ठाणे

उत्तर : सूनबाई, तसं नाही. काकांचं हृदय आकुंचनात कमी पडतं. सासऱ्यांचं ताठर झालंय, नीट भरत नाही. मृत्यूचं प्रमाण सासऱ्यांच्या प्रकारात थोडं कमी, पण पुन्हापुन्हा ॲडमिट होणं दोन्हींत जवळपास सारखंच. काकांसाठी आयुष्य वाढवणारी औषधं जास्त आहेत. सासऱ्यांच्या प्रकारात ग्लिफ्लोझिन गटाच्या गोळ्यांनी ॲडमिट होणं कमी होतं. शिवाय बीपी, साखर, किडनी सांभाळायची. अंगात पाणी साठतंय का हे कळायला रोज सकाळी लघवीनंतर, चहाआधी वजन करा. तीन दिवसांत दोन किलो वाढलं, तर लगेच डॉक्टरांना फोन. आणि हो, ते खारट लोणचं उचला ताटातून!