पहिलं मॉडेल लहानच ठेवा

संपलेला प्रकल्प का लांबला हे समजून घ्यायला तुम्ही त्याचं मॉडेल, म्हणजे काम कुठे साचलं आणि कसं पुढे सरकलं हे आकड्यांत मांडणारी आकृती, करायला घेतलंत, फार चांगलं केलंत. बहुतेक ठिकाणी 'काय चुकलं' याची यादी होते आणि ती फाईल पुन्हा कुणी उघडत नाही.

सुरुवातीला एकच गोष्ट नीट पकडा: पुन्हा करावं लागलेलं काम. कागदावर चार चौकटी काढा. बाकी काम, खरंच झालेलं काम, चुकलेलं पण अजून न सापडलेलं काम, आणि सापडलेलं, म्हणजे पुन्हा करायचं काम. तिसरी चौकट सगळ्यात महत्त्वाची. प्रगती अहवालात ती 'पूर्ण' म्हणूनच मोजली जाते, त्यामुळे प्रकल्प ९० टक्क्यांवर येऊन अडकून बसतो. इंगल्स या अमेरिकी जहाजबांधणी कंपनीने नौदलाविरुद्धच्या दाव्यात याच कल्पनेवरचं मॉडेल वापरलं होतं. तो दावा १९७८ मध्ये मिटला.

नवख्यांच्या नेहमीच्या चुका:

- पहिल्याच आठवड्यात पन्नास घटक घालणं. दहा-बारा पुरे.
- मॉडेलचा आलेख प्रकल्पात खरंच घडलं त्याच्याशी जुळेपर्यंत आकडे फिरवत बसणं. आलेख जुळला म्हणजे कारण सापडलं असं नाही.
- दोषी माणूस शोधणं. त्यापेक्षा वर्तुळ शोधा: उशीर झाला म्हणून ओव्हरटाइम, त्यातून थकवा, थकव्यातून चुका, आणि पुन्हा उशीर. हे कागदपत्रांत सापडत नाही, प्रत्यक्ष काम केलेल्यांशी बोलावं लागतं.

मग एकच प्रश्न मॉडेलला विचारा: तपासणी दोन महिने आधी सुरू केली असती तर? बाकीची गणितं नंतर. चौकटी काढून झाल्या की दाखवा, मी नक्की बघेन.