नागपूरच्या उन्हाळ्यात अंगातली उष्णता कमी करायला आयुर्वेदातल्या कोणत्या वनस्पती घ्याव्यात?

पुण्याहून नागपूरला बदली झाल्यापासून संध्याकाळी डोळे आणि तळपाय जळजळतात, सारखं तोंड येतं, म्हणून कडुनिंब, गुळवेल आणि कोरफडीचे तयार रस मागवू का, असं तुम्ही विचारलंय. मी वैद्य आहे, अकोल्यात प्रॅक्टिस करते. मार्च उजाडला की हा प्रश्न माझ्याकडे येतोच. तिन्ही रस मागवू नका, असंच मी सांगेन.

उन्हाळ्यात पित्त वाढतं, असं सगळेच म्हणतात. वाग्भटाच्या अष्टांगहृदय या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात मात्र ग्रीष्मात संचय, म्हणजे हळूहळू साठणं, सांगितलंय ते वाताचं. पित्ताचा संचय पावसाळ्यात होतो आणि ते उसळतं शरदात, म्हणजे आपल्या ऑक्टोबर हीटमध्ये. ग्रीष्मात सूर्य अंगातला ओलावा ओढून घेतो, ताकद कमी होते, भूकही मंदावते. म्हणून या ऋतूत गोड, हलकं, स्निग्ध, थंड आणि पातळ खा-प्या, असा सल्ला आहे. कडू रसाने आग शमत असेल, पण कडू चव कोरडेपणा वाढवते, आणि आधीच सुकत चाललेल्या शरीराला तो रोज उपाशीपोटी देण्यात मला शहाणपण दिसत नाही. कोरफडीच्या सालीलगतचा पिवळा चीक रेचक असतो. तो रसात नीट काढलेला नसेल तर जुलाब होऊन उरलंसुरलं पाणीही जाईल. गुळवेल औषध म्हणून उत्तम आहे, पण ती वैद्याने प्रकृती पाहून द्यायची, उन्हाळाभर सरबतासारखी प्यायची नाही.

मग घ्यायचं काय? चरकाने दाह शमवणारी दहा द्रव्यं एकत्र सांगितली आहेत. त्यातल्या दोन आपल्याकडे सहज मिळतात: वाळा, म्हणजेच खस, आणि उपळसरी, म्हणजेच अनंतमूळ.

वाळा तर तुमच्या नागपुरात कूलरच्या ताट्यांतही दिसेल. पण ताटीतला किंवा नर्सरीतला वाळा पिण्याच्या पाण्यात घालू नका. काष्ठौषधींच्या दुकानातून पिण्यासाठीचा म्हणून मागून आणा. मुळ्यांची छोटी जुडी तीन-चार पाण्यांत धुवायची, मलमलच्या फडक्यात बांधून रात्री माठात सोडायची. दोन-तीन दिवसांनी काढून कडक उन्हात वाळवायची, आणि वास गेला की बदलायची. या पाण्याला हिरवा रंग येत नाही. बाजारातलं हिरवंगार खस सरबत बहुतेक वेळा साखर, रंग आणि इसेन्स असतं; आवडत असेल तर प्या, औषध समजू नका.

उपळसरीची मुळी मोडली की गोड, मन प्रसन्न करणारा वास येतो. वास नसेल तर घेऊ नका, कारण तिच्या नावावर दुसऱ्याच वेलींची मुळं सर्रास विकली जातात. चमचाभर भरड ग्लासभर पाण्यात रात्री भिजवायची, सकाळी गाळून प्यायची. तळपायांच्या जळजळीला माझ्या रुग्णांना ही फार मानवते.

यांपैकी काहीच मिळालं नाही तरी स्वयंपाकघरात धने आहेतच. शार्ङ्गधर या जुन्या आयुर्वेद ग्रंथकाराने धन्याचा हिम सांगितलाय: भरडलेले धने एक भाग, गार पाणी सहा भाग, रात्रभर भिजवून सकाळी गाळायचं आणि साखर घालून प्यायचं. म्हणजे 10 ग्रॅम धन्यांना 60 मिली पाणी. आतली आग आणि तहान या दोन्हींसाठी हाच उपाय दिलाय. उकळायचं मात्र नाही. तोंड येण्याची तक्रार असलेल्यांना मी सुरुवात यानेच करायला सांगते. मधुमेह असेल तर साखर वगळा, आणि मग गुलकंदही नको. सब्जा चालेल, पण तो पूर्ण फुगेपर्यंत भिजवूनच. कोरडा सब्जा घशात अडकू शकतो.

दह्याबद्दल अनेकांना धक्का बसतो. चरकाने शरद, ग्रीष्म आणि वसंत या तिन्ही ऋतूंत दही बहुधा निषिद्ध मानलंय, आणि सुश्रुताने उष्ण काळात ताकही नको म्हटलंय. विदर्भात आंबिलीवर वाढलेल्या माणसाला मी ताक सोडा असं सांगत नाही. ताजं, गोडसर, पातळ ताक जेवणासोबत घ्या. आंबट दही आणि रात्रीचं दही तेवढं बंद करा. तोंड आलेलं असताना तर नक्कीच. सातूचं पीठ मात्र आवर्जून आणा. थंड पाण्याने अंग भिजवून साखर घातलेला सातू खावा, असं वाग्भटानेच लिहून ठेवलंय. कचेरीत डब्यासोबत नेण्यासारखं यापेक्षा सोयीचं काही नाही. दुपारची झोपही याच ऋतूत शास्त्रसंमत आहे, सुट्टीच्या दिवशी निर्धास्त झोपा.

ग्रीष्मात खारट टाळा, असं ग्रंथ सांगतात, पण या एका बाबतीत मी ते बाजूला ठेवते. उन्हात काम करून घामाने भिजत असाल, तर मीठ कमी करू नका. जीवनरक्षक क्षारांचं (ओआरएस) पाकीट लिटरभर पाण्यात विरघळवून घोट घोट प्या. रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर हे आणि वरच्या वनस्पतीही डॉक्टरांना विचारूनच. नवतपात, म्हणजे मे अखेरच्या सर्वांत तापलेल्या नऊ दिवसांत, कुणी असंबद्ध बोलायला लागलं, अंग चटका बसेल इतकं तापलं किंवा शुद्ध हरपली, तर तो उष्माघात समजा. सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओतून वारा घाला आणि लगेच रुग्णवाहिका बोलवा. अशा माणसाच्या तोंडात पाणी, कांद्याचा रस, काहीही घालू नका.

तुमची जळजळ नुसती उन्हाचीच आहे असंही मी इथून ठामपणे सांगू शकत नाही. तळपायांची आग मधुमेहात होते, बी-12 कमी असलं तरी होते. शाकाहारी असाल तर ती शक्यता जास्त. दोन्ही तपासण्या साध्या रक्तावर होतात, त्या करून घ्या. आणि तोंडातला एखादा व्रण तीन आठवड्यांत भरला नाही, तर धन्याच्या पाण्यावर विसंबून न राहता दाखवायला जा.