क्षार, खार आणि झेरॉक्स

प्रश्न आला आहे तो असा: ‘पाण्यात क्षार जास्त असले की किटलीच्या तळाशी पांढरा थर बसतो, असं म्हणतात. दुसरीकडे, क्षारयुक्त पाणी प्या, ते आम्ल मारतं, अशी जाहिरातही दिसते. मग क्षार म्हणजे मिठासारखं काही, की आम्लाच्या विरुद्ध असतं ते? आणि खार हे क्षाराचंच रूप का?’

शेवटचं आधी उरकू. हो, पक्षाचा पंख झाला तसा क्षाराचा खार झाला. झाडावरच्या खारीला यात ओढू नका.

पहिल्या भागाने मात्र माझं डोकं बरेच दिवस उठवलं आहे. ‘आम्ल आणि क्षार’ ही जोडी आता जो तो बिनदिक्कत विरुद्धार्थी म्हणून वापरतो. मराठी शाळेत शिकलेल्याने तरी असं बोलू नये. आपल्या पाठ्यपुस्तकात आम्लासमोर उभा असतो तो आम्लारी, म्हणजे आम्लाचा अरि. तो पाण्यात विरघळणारा असला तर अल्क. आम्ल आणि आम्लारी यांची गाठ पडली की एकमेकांचा जोर उतरतो, त्याला उदासिनीकरण म्हणायचं, आणि त्यातून निपजतात पाणी आणि क्षार. म्हणजे मराठीतला क्षार हे त्या भांडणातून झालेलं लेकरू. हिंदीत याच लेकराला लवण म्हणतात आणि क्षार हे नाव आम्लाच्या वैऱ्याकडे जातं. कुणीतरी हिंदी मजकूर समोर ठेवून ‘क्षारीय’चं ‘क्षारयुक्त’ केलं, झालं! वैरी आणि लेकरू एकाच नावाने हिंडू लागले. शेतीवाले यापेक्षा चोख बोलतात. क्षार साठलेली ती क्षारयुक्त जमीन, सोडियमने बिघडलेली ती चोपण. ओली असताना पायाला चिकटणारी आणि वाळल्यावर दगड होणारी माती ‘चोपण’ या शब्दात कशी नेमकी बसते पाहा. मातीचा आम्ल-विम्ल निर्देशांक, म्हणजे पीएच, मोजायलाही त्यांच्याकडे ‘सामू’ हा सुटसुटीत शब्द आहे.

आता जरा अडचणीची गोष्ट. जुना अर्थ पाहायला गेलं तर बाजू हिंदीची बळकट आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातला 11वा अध्याय अख्खा क्षार कसा करायचा यावरच आहे. वनस्पती जाळायच्या, राख सहापट पाण्यात कालवायची, एकवीस वेळा गाळायची आणि मग आटवायची. जहाल हवा असेल तर त्यात भाजलेले शंख-शिंपले घालायचे. इथे काय होतं? राखेत पोटॅशियम कार्बोनेट असतं. भाजलेल्या शिंपल्याचा झालेला चुना त्याला भेटला की कॅल्शियम कार्बोनेट खाली बसतं आणि वर उरतं पोटॅशियम हायड्रॉक्साइड, जे मांस खातं. सुश्रुताला नेमकं तेच हवं होतं. हा क्षार शस्त्राच्या जागी वापरायचा होता. म्हणजे हा सरळसरळ अल्क. आणि क्षाराने भाजलं तर त्यावर आंबट ओता, त्याचा तीक्ष्णपणा जाऊन त्याला माधुर्य येतं, हेही त्याच अध्यायात सांगितलं आहे. शाळेत आपण जे लिटमसचा कागद बुडवून शिकलो, ते इथे जखमेवर चाललं आहे.

मग मराठी पाठ्यपुस्तक चुकलं का? नाही, ते लोकांच्या तोंडामागून गेलं. संस्कृतात ‘क्षते क्षारम्’ म्हणायचे, आपण त्याच ठिकाणी जखमेवर मीठ चोळतो. खारट म्हणजे आपल्याला मिठाचीच चव. जळजळणारा क्षार मिठाकडे कधीच सरकला होता, पाठ्यपुस्तकाने त्यावर फक्त शिक्का मारला.

पण खरी गंमत ‘क्षार’ हा शब्द ज्यापासून झाला त्या संस्कृत धातूत आहे. संस्कृतची मंडळी ठामपणे सांगतात की क्षार हा ‘क्षर्’पासून, म्हणजे झरणे, पाझरणे, झिजणे यावरून आला. मोह मोठाच आहे, कारण त्याच ‘क्षर्’पासून, जे झिजत नाही ते, म्हणून ‘अक्षर’ होतं. खुद्द सुश्रुत म्हणतो, ‘क्षरणात् क्षणनाद् वा क्षारः’: झिजवतो म्हणून, किंवा नाश करतो म्हणून. त्यातला तो ‘वा’ वाचला का? व्युत्पत्ती सांगणारा ‘किंवा’ म्हणाला की समजावं, त्यालाही ती पुरती पटलेली नाही.

तुलनात्मक भाषाशास्त्रात दुसरा धागा सांगतात आणि मी त्याच पक्षाचा आहे: जळणे, होरपळणे या अर्थाचा ‘क्षै’. ‘क्षाम’ म्हणजे होरपळून कृश झालेला, तोही यातलाच. वस्तूकडे पाहा ना, क्षार होतो कशाने? जाळल्याने. अरबांनी याच पदार्थाला ‘अल्-कली’ म्हटलं, भाजणे या अर्थाच्या धातूवरून; त्यातून अल्कली आणि आपला अल्क आला. पोटॅश म्हणजे भांड्यातली राख. 1807 साली हम्फ्री डेव्हीने विजेच्या प्रवाहाने पोटॅशमधून पोटॅशियम हा नवा धातू काढला, त्याची ‘के’ ही संज्ञाही ‘कली’वरूनच, ‘कॅलियम’मार्गे आलेली. सगळीकडे नाव ठेवताना लोकांनी चूल पाहिली, आणि फक्त आम्हीच पाझर पाहिला म्हणे!

या ‘क्षै’चा ग्रीकमधला भाऊबंद ‘क्सेरोस’, म्हणजे कोरडा. त्यावरून जखमेवर टाकायच्या कोरड्या पुडीला ‘क्सेरियोन’ म्हणत. ती अरबीत ‘अल्-इक्सीर’ झाली आणि किमयागारांच्या हाती पडून इंग्रजीतली ‘एलिक्झर’, म्हणजे आपल्या जुन्या अर्थाने रसायनच. पुढे 1938 साली चेस्टर कार्लसनने शाई न ओतता, कोरड्या भुकटीने पहिली नक्कल काढली. त्या तंत्राला झेरोग्राफी, म्हणजे कोरडं लेखन, हे नाव पडलं आणि त्यावरून झेरॉक्स. थोडक्यात, अक्षराला क्षाराचा भाऊ म्हणून मिरवणाऱ्यांनी त्या अक्षरांची झेरॉक्स काढावी. खरा भाऊ तिथे भेटेल.

हां, किटली राहिली. पाण्यात विरघळलेलं कॅल्शियम बायकार्बोनेट उकळताना फुटतं, कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि कॅल्शियम कार्बोनेट तळाशी चिकटतं. ते कार्बोनिक आम्लाचं लेकरू, म्हणून मराठीतला क्षार. त्यावर व्हिनेगर ओतलं तर फसफसून आम्लाचा जोरही उतरवतं, म्हणजे हिंदीवाल्यांनाही तोंड उघडायला जागा आहे. असू दे. जाहिरातीत मात्र ‘अल्कधर्मी’च लिहा.